'दाऊ' म्हणजे आदराचं 'आपण' नाही, साधं 'तू'

प्रश्न असा आलाय की जुन्या इंग्रजी प्रार्थनांमध्ये देवाला 'यू' न म्हणता 'दाऊ' (thou) म्हणतात, तर 'दाऊ' हा 'यू'चा आदरार्थी प्रकार समजायचा का, आणि इंग्रजीत आपल्यासारखं तू-तुम्ही का नाही.

खरं तर बरोबर उलटं आहे. 'दाऊ' म्हणजे तू, आणि आज सगळ्यांना सरसकट लावतात ते 'यू' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत तू-तुम्ही होतं, चांगलं हजारेक वर्षं होतं (आधी फक्त एक-अनेकासाठी, नंतर आदरासाठीही), त्यातला 'तू' गळला आणि 'तुम्ही' उरला. शाळेत आपल्याला 'यू म्हणजे तू' असं शिकवतात त्याच्यामुळे हे पटकन पटत नाही.

जुन्या इंग्रजीत मामला सरळ होता, एक माणूस असेल तर 'दाऊ' (तेव्हाचा उच्चार 'थू', हा आणि आपला 'तू' एकाच मुळाचे, संस्कृत त्वम्, लॅटिन तू सगळी भावंडंच), जास्त असतील तर 'यी'. आदराचा काही संबंध नाही, राजालाही 'थू'च. आणि विभक्तीही होती, म्हणजे दाऊ = तू, दी = तुला, दाय = तुझा, यी = तुम्ही आणि यू = तुम्हाला. हो, आजचा 'यू' मुळात 'तुम्हाला' आहे, तो सोळाव्या शतकाच्या सुमारास कर्त्याच्या जागी येऊन बसला आणि 'यी' मागे पडला.

आदर आला तो फ्रेंचमधून. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचन लावायची पद्धत होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीत उतरलेली दिसते. मग वरच्याला 'यू', खालच्याला, लहानाला, जिवलगाला 'दाऊ', अगदी आपल्यासारखंच.

शेक्सपियर वाचताना हे माहीत नसेल तर फार काही हातातून निसटतं असं मला मनापासून वाटतं. हॅम्लेटमध्ये राणी मुलाला म्हणते की हॅम्लेट, तू (दाऊ) तुझ्या (म्हणजे सावत्र) वडिलांना फार दुखावलंस, तो उलटून म्हणतो आई, तुम्ही (यू) माझ्या वडिलांना फार दुखावलंत, आणि पुढच्याच वाक्यात ती चिडून त्याला 'यू' म्हणायला लागते! मुलावर रागावलेली आई एकदम 'तुम्ही'वर येते हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको, पण आजच्या इंग्रजी वाचकाला तिथे तळटीप लागते. उलट बाजूने, 1603 मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणाला, आणि मी तुला 'दाऊ' म्हणतोय हेही वर बोलून दाखवलं. म्हणजे अरे-तुरे केलं, अपमान करायला.

आता देवाचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये अनुवादकांनी मूळ हिब्रू-ग्रीकप्रमाणे एकवचनाला दाऊ आणि अनेकवचनाला यी/यू असं ठेवलं, आदर बघितलाच नाही. त्यामुळे देवालाही दाऊ, दहा आज्ञांमध्ये देव माणसाला सांगतो तिथेही दाऊ, आणि सैतानाला 'चालता हो' म्हणताना 'दी'. पुढे रोजच्या बोलण्यातून शब्द गेला पण प्रार्थनेत राहिला, म्हणून लोकांना तो भारदस्त वाटायला लागला. आपण विठ्ठलाला 'तू'च म्हणतो ना, तसंच आहे ते.

'दाऊ' का गेला याचं साधारण दिलं जाणारं कारण असं की लंडनसारख्या शहरात समोरचा आपल्यापेक्षा वरचा की खालचा हे कळेनासं झालं, मग 'तुम्ही' म्हटलेलं बरं, कोणी दुखावत नाही. त्यातच सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळी माणसं सारखी म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणायला लागले, त्यावरून त्यांना त्रासही बराच झाला. 1700 पर्यंत शहरी शिष्ट बोलण्यातून तो जवळपास गेला होता, यॉर्कशायरसारख्या भागात मात्र 'दा' असा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अगदी परवापरवापर्यंत ऐकू यायचा.

आणि एकाच माणसाला 'यू आर' का, 'यू इज' का नाही, तर त्याचं कारणही हेच, ते 'तुम्ही आहात' आहे. अठराव्या शतकात एका माणसाला 'यू वॉज' म्हणणारे पुष्कळ होते, पण 1762 च्या आपल्या व्याकरणात रॉबर्ट लाउथने ते चूक ठरवलं. खऱ्या अनेकवचनाची जागा मात्र रिकामी झाली, ती अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल'ने भरली, इतर ठिकाणी 'यू गाइज' वगैरे.

तेव्हा जुनी इंग्रजी कविता किंवा प्रार्थना मराठीत आणत असाल तर 'दाऊ'ला 'आपण' करू नका, 'तू'च ठेवा.