टायटॅनियमवर नॅनोट्यूब वाढवल्या, पण एसईएममध्ये नुसतं गवत दिसतंय. काय चुकलं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकदा मांडतो: टायटॅनियमच्या पत्र्यावर त्याच्याच ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नळ्या (नॅनोट्यूब) उगवायला इथिलीन ग्लायकॉल, त्यात ०.५ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि २ टक्के पाणी, ६० व्होल्ट, ३ तास. पहिला पत्रा मीठ (म्हणजे अमोनियम फ्लोराइड) टाकल्या टाकल्या लावला, तो झकास सोनेरी निघाला. दुसरा त्याच द्रावणात दुसऱ्या दिवशी केला, तो राखाडी, मळकट. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सोनेरी पत्रा सपाट आणि राखाडीवर वाळलेलं गवत. एक्सआरडीत (स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) दोन्हीकडे फक्त टायटॅनियमच दिसतंय.

राखाडी पत्रा टाकू नका, तो जमलाय. फसलाय तो सोनेरी.

टायटॅनियमचा रंग फार फसवा असतो. फ्लोराइड नसलेल्या द्रावणात हा धातू अॅनोडला, म्हणजे धन टोकाला लावला (अॅनोडाइझ केला) की त्यावर ऑक्साइडचा सलग, घट्ट थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखा. पंचवीस-तीस व्होल्टला निळा, साठच्या आसपास सोनेरी. म्हणजे तुमच्या पहिल्या पत्र्याला फ्लोराइड मिळालंच नाही. ग्लायकॉल घट्ट असतं, त्यात हे मीठ लवकर विरघळत नाही. माझा अंदाज, ते बीकरच्या बुडाशी तसंच बसलं होतं. रात्रभरात विरघळलं आणि दुसऱ्या दिवशी काम झालं. चांगल्या, लांब नळ्यांचा पत्रा दिसायला असाच मळकट असतो.

नळ्या होतात त्या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून. व्होल्टेजमुळे धातूचा ऑक्साइड होत राहतो आणि फ्लोराइड तोच ऑक्साइड विरघळवत राहतं. नुसतं पहिलं चाललं तर सोनेरी पत्रा, दुसरं जास्त झालं तर काहीच उरत नाही. ही ओढाताण बघायला एसईएम लागत नाही, करंट बघा. सुरू करताच काही सेकंदांत करंट धाडकन पडतो, कारण घट्ट थर बसला. मग तो थोडा वर चढतो, कारण फ्लोराइडने थराला भोकं पाडायला सुरुवात केली. त्यानंतर नळ्या लांबत जातात तसा हळूहळू उतरतो. मधला चढ दिसला नाही तर तीन तास थांबण्यात अर्थ नाही, बंद करून चहा प्या. तुमच्या पहिल्या पत्र्याला हा चढ आला नसणार, पैज लावतो. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला पहिले दोन महिने फक्त एसईएमच्या स्लॉटची वाट बघण्यात घालवले. दर मिनिटाला मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहिला असता तर ते वाचले असते.

आता गवत. नळीचं तोंड सगळ्यात आधी तयार होतं, म्हणून ते फ्लोराइडमध्ये सगळ्यात जास्त वेळ राहतं. तिथली भिंत झिजून पातळ होते, उभी चिरते आणि सुयांसारखे धागे उरतात. त्यात सुकताना पाण्याचा पृष्ठताण हे धागे एकमेकांवर ओढून आडवे पाडतो. गवताखाली नळ्या उभ्याच असतात. पत्रा जरा वाकवून किंवा ब्लेडने ओरखडा काढून कडेने बघा, दिसतील.

गवत कमी करायचं तर मीठ ०.३ टक्क्यांवर आणा आणि वेळ तासाभरावर. झाल्यावर पत्रा लगेच बाहेर काढा. व्होल्टेज बंद केलं म्हणजे फ्लोराइडही थांबलं असं नाही. आमच्याकडे एकदा मी जेवायला गेलो असताना वीज गेली, पत्रा तासभर द्रावणात तसाच लटकत राहिला आणि आयुष्यातलं सर्वांत दाट गवत मी त्या दिवशी पिकवलं. धुवायला पाण्याऐवजी इथेनॉल वापरा, त्याचा पृष्ठताण कमी. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दहा-वीस सेकंद पुरे, जास्त ठेवलं तर नळ्यांची अख्खी फिल्म सुटून येते.

खरंतर ती मुद्दाम सोडवणं हाच उत्तम उपाय आहे. पहिली फिल्म काढून टाकली की धातूवर नळ्यांच्या बुडांचे खळगे उरतात. दुसऱ्यांदा अॅनोडाइझ केलं की नव्या नळ्या त्या खळग्यांतून ओळीत उगवतात. मासुदा आणि सातोह यांनी १९९६ मध्ये अॅल्युमिनासाठी (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडसाठी) ही दोन टप्प्यांची युक्ती वापरली होती, टायटॅनियमलाही ती चालते.

पाण्याकडे नीट लक्ष द्या. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढतं. जुलैत बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर तुमचे २ टक्के किती झाले ते देव जाणे. माझे पावसाळ्यातले आणि मार्चमधले नमुने कधीच जुळले नाहीत, तेव्हा मी भांडं झाकायला शिकलो. भांडं काचेचं नको, फ्लोराइड काच खातं. प्लॅस्टिक किंवा टेफ्लॉन घ्या. हातमोजे घाला, आणि साफसफाईला हायड्रोफ्लुओरिक अॅसिड वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवा. यात हयगय नको.

एक्सआरडीत ऑक्साइड दिसला नाही याने घाबरू नका. अॅनोडायझेशनमधून निघालेल्या नळ्या बहुतेक स्फटिकहीन असतात. ४५० अंश सेल्सियसला दोन तास तापवा, मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढवत, नाहीतर तडे जातात. मग तांब्याच्या क्ष-किरणांनी २५.३ अंशांवर अॅनाटेजचं (टायटॅनियम ऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचं) शिखर यायला हवं. २७.४ ला काही उगवलं तर तापमान जास्त झालं, ते रुटाइल (त्याच ऑक्साइडचं दुसरं स्फटिकरूप) आहे आणि ते बहुधा धातूलगतच्या थरापासून सुरू होतं. थर पातळ असेल तर रमन (लेझरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणारी चाचणी) करून घ्या, १४४ सेंमी⁻¹ च्या आसपासची अॅनाटेजची रेघ इतकी ठसठशीत असते की चुकायचं कारणच नाही.

तिसरा पत्रा कराल तेव्हा एसईएमच्या फोटोबरोबर करंटचे आकडेही टाका, निदान पहिल्या दहा मिनिटांचे.