लेकीला तीन लाखांची लेन्स घ्यावी का?

कोइमतूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. गाव विट्याजवळचं, धंदा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा), वीस वर्षं तिकडेच. मुलगी गावी आजीजवळ राहून बारावी सायन्स करते. मजकूर थोडक्यात असा : "पोरगी मेडिकलची 'नीट' परीक्षा देणार नाही म्हणते. पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढणार, पुस्तकं लिहिणार, व्याख्यानं देणार. घरट्यात पिलांना भरवणाऱ्या पक्ष्याच्या तिच्या फोटोला बक्षीस मिळालं, तेव्हापासून तीन लाखांच्या लेन्ससाठी हटून बसलीय. पैशांची अडचण नाही. पण यावर पोट भरतं का? शिवाय पहाटे एकटीच माळावर जाते, माझ्या आईचा जीव टांगणीला लागतो."

नमस्कार दादा,

पोट भरतं, पण नुसत्या फोटोंवर नाही. लेन्स यंदा घेऊ नका.

आधी पैशांचं बोलू, कारण तुम्ही तेच विचारलंय. चांगले कॅमेरे आता गावोगाव झालेत. ताडोबातल्या एकाच वाघाचा एकाच सकाळी पन्नास जण फोटो काढतात आणि दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर फुकट पोचतो. मग छापणारा पैसे कशाला देईल? बऱ्याचदा फोटोखाली नाव छापलं हेच मानधन. पुस्तकाचा हिशोब तुम्हीच करा : किंमत ३०० रुपये, आवृत्ती हजार प्रतींची, लेखकाला दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर तीस हजार, तेही दोन-तीन वर्षांच्या कामाचे.

व्याख्यानाचं गणित जरा बरं आहे. आपल्याकडे सांगली, सातारा, कराड या पट्ट्यात व्याख्यानमालांची जुनी सवय आहे, लोक तिकीट नसलं तरी वेळेवर येऊन बसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह, मग ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह (अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत). या दिवसांत चांगल्या वक्त्याला शाळा-कॉलेजांची बोलावणी पुरून उरतात. पण मानधन आधी ठरवायला शिकावं लागतं. मीच एकदा एका पक्षी अभ्यासकाला एका शाळेत बोलावलं होतं. बिचारा नव्वद किलोमीटर एसटीनं आला, दीड तास मुलांना खिळवून ठेवलं आणि शाल-नारळ घेऊन परत गेला. जायच्या-यायच्या भाड्याचं कुणी विचारलं नाही. मीही नाही, याची अजून लाज वाटते.

बाकी कमाई निसर्गसहलींची, कासच्या हंगामात पाहुण्यांना फुलं दाखवण्याची, प्रकल्पांसाठी पक्षी-प्राण्यांच्या पाहणीची, माहितीपटांच्या संहितांची. एवढं सगळं मिळून एक माणूस उभा राहतो, आणि बहुतेकांच्या पायाखाली पहिली काही वर्षं तरी नोकरी असते. चितमपल्ली वनखात्यात होते. व्यंकटेश माडगूळकर तर तुमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले, माडगूळचे. रानावनावर लिहिलं, रेखाचित्रं काढली, पण नोकरी आकाशवाणीत केली.

आता मला खरं बोलायचंय ते पोरगीच्या माळाबद्दल. तिला वाटत असणार, आपल्याकडे काय आहे? ना चांदोली-कोयनेसारखं जंगल, ना कासची फुलं. खानापूर-आटपाडीचा माळ महसुली दप्तरात पडीक, नाहीतर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. पण त्याच माळावर लांडगा आहे, खोकड आहे. माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना झाड नकोच असतं. अशा ठिकाणी कुणी चांगल्या मनानं वृक्षारोपण केलं तरी त्यांचं घर मोडतं. आणि आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय. तुमच्या भावकीतल्यांनीही माळ फोडून ऊस किंवा डाळिंब लावलं असेल, आणि का लावू नये? पिढ्यान् पिढ्या पाण्यासाठी तुमची माणसं देशोधडीला लागली. पण पाणी येतं तेव्हा कोणता पक्षी जातो, कोणता नव्यानं येतो, धनगराच्या मेंढ्या कुठं जातात, मेंढ्यांमागचा लांडगा कुठं जातो, हे तिथंच राहून दहा वर्षं टिपणारं कुणीतरी हवं. हे काम मुंबई-पुण्याचा फोटोग्राफर शनिवार-रविवारच्या फेरीत करू शकत नाही. तुमची लेक करू शकते. तिनं ते केलं तर पुस्तकाला विषय मिळेल आणि व्याख्यानाला श्रोतेही.

तुमच्या धंद्यात सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा विकत घेतात आणि गाळून सोनं काढतात. तिला म्हणावं, रोजची वही तशीच समज. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, काय करत होतं. एका दिवसाचं पान टाकून द्यावंसं वाटतं, पाच वर्षांचं जमलं की गाळायला घ्यायचं. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकत जावं.

तिच्या बक्षिसाच्या फोटोबद्दल. तिला वाईट वाटेल, पण सांगतोच. घरट्याचे फोटो जाणकार स्पर्धांत बाद होतात. फोटो नीट यावा म्हणून लोक आडवी फांदी वाकवतात, पानं तोडतात. मग पिलांवर ऊन येतं, कावळ्याला घरटं दिसतं, आणि आपण जवळ बसून राहिलो तर आई-बाप चारा घेऊन लांबच थांबतात. तिनं तसं केलं असेल असं मी म्हणत नाही. पण उद्या व्यासपीठावर पहिला प्रश्न हाच येईल.

शिक्षणाचं लवकर उरकतो. नीट नको असेल तर नको, पण शास्त्राची पदवी हवीच. बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन सांगलीचं विलिंग्डन चालेल. दापोलीला वनशास्त्राची पदवी आहे, त्यासाठी सीईटी द्यावी लागते. पुढं वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करायची तर बंगळुरूची एनसीबीएस ही संशोधन संस्था आहे, तिथं दर दोन वर्षांनी प्रवेश होतात. शिकता शिकता मुंबईच्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) पक्षिशास्त्राचा अभ्यासक्रम करता येईल. आणि दादा, तुम्ही राहता त्या कोइमतूरजवळच, अनैकट्टीला, सालिम अलींच्या नावाचं पक्षिविज्ञान केंद्र आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला तिकडं बोलवा. पक्ष्यांवर पगार घेऊन काम करणारी माणसं तिला बघू द्या, तुम्हीही बघा.

लेन्सऐवजी सध्या आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घ्या, दहा हजारांच्या आसपास चांगली मिळते. कॅमेरा आहे तोच चालू दे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत वही भरत राहिली तर लेन्सचा विषय परत काढू, तेव्हा वापरलेली चांगली लेन्स निम्म्या किमतीत शोधून द्यायला मी मदत करीन.

राहिली आजीची काळजी. ती रास्त आहे. पहाटे एकटीनं जायचं नाही, कुठल्या बाजूला जाणार आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून जायचं, सोबत मैत्रीण नाहीतर ओळखीचा मेंढपाळ असावा. शनिवारी दुपारी, ऊन उतरल्यावर, आजीलाच बरोबर नेलं तर आणखी बरं. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हे त्यांनी ऐकलेलं असणार. कोणत्या पाखराला त्या काय म्हणतात, त्यांच्या लहानपणी माळावर काय होतं आणि आता काय दिसत नाही, हे पोरगीनं वहीत उतरवून घ्यावं. त्यातलं एक पान, तिच्या शब्दांत, मला पाठवायला सांगा. फोटो नको.