सोळावर बोलणं होतं, बावीसवर शांतता: सेट बिघडलेला नाही, आधी चॅनेलचा गट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो. भावाने अमेरिकेतून आणलेला हातातला मरीन व्हीएचएफ (समुद्रावर बोलायचा रेडिओ सेट), जयगडच्या बाजूला छोटी शिडाची होडी. सोळा नंबरच्या चॅनेलवर बंदराच्या कंट्रोलशी नीट बोलणं होतं, ते "बावीसवर या" म्हणतात, तुम्ही बावीसवर जाता आणि तिकडून काहीच येत नाही. मधूनच दुसऱ्या एखाद्या बोटीचा आवाज तेवढा ऐकू येतो. दुकानदार म्हणतोय अँटेना बदला, नाहीतर बॅटरी बदला. कृपा करून यावर अजून एक रुपयाही घालू नका. त्या "दुसऱ्या बोटीचा आवाज येतो" या एका वाक्यातच तुमचं उत्तर आहे.

तुमचा सेट अमेरिकी चॅनेल-गटावर आहे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत यूएसए असं दिसेल, किंवा बावीसच्या पुढे ए असेल; नव्या सेटवर बावीसऐवजी १०२२ असा चार आकडी नंबर असेल. आपल्याकडे चालतो तो आंतरराष्ट्रीय गट, पडद्यावर आयएनटी.

फरक कुठे पडतो ते सांगतो. सोळा हा एकेरी चॅनेल आहे: बोलणं आणि ऐकणं दोन्ही १५६.८०० मेगाहर्ट्झवर, आणि तो जगात सगळीकडे सारखाच. सहा, आठ, बारा, बहात्तर, सत्याहत्तर हेही एकेरीच. आंतरराष्ट्रीय गटात बावीस मात्र दुहेरी आहे. बोट १५७.१०० वर बोलते आणि किनारा १६१.७०० वर उत्तर देतो, म्हणजे दोन्हींत ४.६ मेगाहर्ट्झचं अंतर. अमेरिकेत हाच बावीस एकेरी करून त्यांच्या तटरक्षकांना दिलेला आहे, त्यामुळे तिथला सेट १५७.१०० वरच बोलतो आणि १५७.१०० वरच कान लावतो. तुमचा आवाज कंट्रोलला लख्ख जातो. कंट्रोल उत्तरही देतो, पण ते १६१.७०० वर, आणि तिथे तुमचा सेट ऐकतच नाही. दुसऱ्या बोटी १५७.१०० वर बोलतात, म्हणून त्यांचं अर्धं संभाषण तुमच्या कानावर पडतं. एका बाजूचंच बोलणं ऐकू येणं ही या घोटाळ्याची हमखास खूण. ७८, ८० असे आणखीही काही चॅनेल याच कारणाने गप्प राहतात.

याच दुखण्यात माझा एक अख्खा मोसम वाया गेला, म्हणून जरा तळमळीने लिहितोय. ज्या दुरुस्ती केंद्रात सेट दिला होता त्याचं नाव घेत नाही. तिथे आधी अँटेना बदलली, मग बॅटरी, मग आतल्या सर्किटच्या पट्टीचं बिल लावलं, आणि दर वेळी टेबलावर सोळा नंबर लावून "बघा, चालतोय" म्हणून परत दिला. सोळावर तो चालणारच! तपासणी एकेरी चॅनेलवर केली तर हा दोष जन्मात सापडणार नाही. तुम्हाला कुठे तपासून घ्यायचाच असेल तर स्पष्ट सांगा: सेट बावीसवर ठेवा, सिग्नल जनरेटरने १६१.७०० द्या आणि आवाज येतो का ते माझ्यासमोर दाखवा. एवढं करायला जो तयार नाही, त्याच्याकडे सेट ठेवू नका.

गट बदलायची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी. बहुतेक सेटवर मेनूमध्ये चॅनेल सेटअप आणि त्यात चॅनेल ग्रुप असतं; काहींवर एखादं बटण दाबून धरून सेट चालू करावा लागतो. सोबतच्या पुस्तिकेत बघाच, अंदाजाने बटणं दाबू नका. बदलल्यावर बावीसवर जाऊन ए गेला का ते पाहा. आणि पुढे कधी फॅक्टरी रिसेट केलात तर हा गट पुन्हा तपासा, कारण अमेरिकी बाजारातला सेट रिसेटनंतर यूएसएवर परत जातो. अमेरिकी गटाचा आणखी एक त्रास असा, की तेरा आणि सदुसष्ट नंबरवर सेट आपोआप एक वॅटवर उतरतो. मोठ्या जहाजाला तेराने हाक मारताना आवाज का पोचत नाही, हे मग कळतच नाही. डब्ल्यूएक्स नावाचे हवामानाचे चॅनेल तर आपल्याकडे कोणी प्रक्षेपितच करत नाही. त्या सोयीसाठी कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

एक उलटी अडचणही लक्षात ठेवा. आयएनटीवर गेल्यावर दुहेरी चॅनेलवर दोन होड्यांना एकमेकींचं ऐकू येणार नाही, फक्त किनाऱ्याचं येईल. होडी ते होडी बोलायला ७२ किंवा ७७ वापरा. पंधरा आणि सतरावर जाऊ नका, ते जहाजावरच्या आतल्या बोलण्यासाठी एक वॅटला बांधलेले आहेत. सत्तरवर तर बोलायचंच नाही, तो डीएससीचा, म्हणजे बटणाने आपोआप हाक पाठवायच्या सोयीचा, डिजिटल चॅनेल.

तुम्ही "सहा वॅटचा घेऊ का" असंही विचारलंय. माझं मत: नको. पाचाचे सहा वॅट केले तर फरक ०.८ डेसिबलचा, कानाला कळतही नाही. व्हीएचएफला अडवते ती पृथ्वीची वक्रता. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, की क्षितिज सागरी मैलांत मिळतं. दोघांचंही काढून बेरीज करायची. होडीत बसलेला माणूस सेट पाण्यापासून एक मीटरवर धरतो: २.२ मैल. असे दोघे म्हणजे साडेचार मैल, तेही कागदावर. लाटा आणि आखूड रबरी अँटेना धरून तीन समजा. समोरची अँटेना डोंगरावर शंभर मीटर उंच असेल तर तिचेच २२ मैल, म्हणजे एकूण चोवीसच्या आसपास. म्हणून वॅट वाढवण्यापेक्षा उभे राहा, सेट डोक्याइतका उंच आणि अँटेना सरळ उभी धरा. लाइफ जॅकेटला अडकवूनच बोललात तर तुमचं शरीरच लहरी अडवतं. आणि आपल्या खाड्या विसरू नका: दोन्ही बाजूंना जांभ्याचे सडे, टेकडीच्या आड गेलात की सेट मुका. संपर्क तपासायचा तो खाडीच्या मुखाशी, बाहेर पडायच्या आधी.

बॅटरीवर ताण येतो तो बोलण्याने. पाच वॅटवर बोलताना साधारण दीड अँपियर ओढला जातो, एक वॅटवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. डब्यावर लिहिलेले तास हे ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं चालू असं धरून मोजलेले असतात. जवळच्या होडीशी एक वॅटवर बोला. सुक्या सेलचा कप्पा मिळत असेल तर घ्या, पण काही सेट त्यावर पूर्ण वॅट देत नाहीत, ते आधी बघून ठेवा.

स्क्वेल्च (खरखर दाबायची सोय) घट्ट करून ठेवायची सवय अनेकांना असते, खरखर नको म्हणून. तसं केलं की लांबची अशक्त हाक कापली जाते. खरखर सुरू होईपर्यंत सोडा आणि ती थांबते तिथेच ठेवा. बोलायचं बटण सीटखाली दाबलं गेलं तर सगळ्या परिसराचा सोळा बंद पडतो, त्यामुळे बसायच्या जागेवरच्या पिशवीत सेट टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. मोबाइलवरून स्थान वाचून सांगणार असाल तर आज घरी बसून सराव करा. मोबाइलचा नकाशा दशांश अंश देतो, रेडिओवर अंश आणि मिनिटं सांगतात. नकाशावर १७.३०१२ दिसलं आणि घाईत "सतरा अंश तीस पूर्णांक बारा मिनिटं" असं सांगितलं, तर गेलंच. दशांश भागाला साठने गुणायचं: ०.३०१२ गुणिले ६० म्हणजे १८.०७. खरं स्थान सतरा अंश १८.०७ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक बारा मैलांची, बावीस किलोमीटरची. तुम्ही जयगडसमोर आणि शोध गुहागरसमोर! नकाशाच्या अॅपमध्ये अंश-मिनिटांचा पर्याय असेल तर तोच कायमचा लावून ठेवा. जोडीला खुणेची जागाही सांगा, "जयगडच्या दीपगृहापासून पश्चिमेला दोन मैल" अशी.

जीव धोक्यात असेल तेव्हाच सोळावर, पूर्ण पॉवरवर, संकटाची हाक अशी: मेडे, मेडे, मेडे, होडीचं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, स्थान, काय झालंय, कोणती मदत हवी, माणसं किती, ओव्हर. मग बटण सोडा आणि ऐका. बटण सोडायला लोक विसरतात. इंग्रजी सुचत नसेल तर हिंदीत बोला, मेडे शब्द तेवढा तसाच. हा क्रम कागदावर लिहून, लॅमिनेट करून मास्टला बांधा. भेदरलेल्या माणसाला पाठ केलेलंही आठवत नाही. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहेच, पण फोन एकालाच ऐकू जातो, सोळा शेजारच्या मच्छीमार बोटीलाही ऐकू जातो. तुमच्यापर्यंत आधी तीच पोचेल.

सेटवर लाल डीएससी बटण असेल तर ते एमएमएसआय नंबर (सेटचा नऊ आकडी ओळख-क्रमांक) भरल्याशिवाय काम करत नाही. भारतीय नंबर ४१९ ने सुरू होतो. बऱ्याच सेटवर हा नंबर एक-दोनदाच भरता येतो, नंतर तो कंपनीकडूनच बदलून घ्यावा लागतो. भावाने तिकडे हौसेने काही भरलंय का ते आधी विचारा.

परवान्याबद्दल: मी वकील नाही, नियम बदलतात, तेव्हा हे शेवटचा शब्द म्हणून धरू नका. पण समुद्री व्हीएचएफ आपल्याकडे परवानामुक्त नाही. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ते बघते, आणि बाहेरून आणलेल्या सेटलाही ते लागू आहे. अर्ज करायच्या आधी सेटचा मॉडेल आणि सिरियल नंबर, खरेदीची पावती आणि होडीची कागदं एकत्र ठेवा. दुकानात ४४६ मेगाहर्ट्झची परवानामुक्त वॉकीटॉकी "समुद्रावर चालते" म्हणून विकतात. चालते, पण ती कुठल्याही मरीन सेटशी बोलू शकत नाही. संकटात तिचा उपयोग शून्य.

निगा थोडक्यात. सेटवर लिहिलेला पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपीएक्स सात म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, तेही चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट बसलं असेल तर. तरंगणारा सेट जड दोरी आणि कॅराबिनर लावल्यावर बुडू शकतो, म्हणून तुमच्या दोरीसकट बादलीत टाकून बघा. प्रत्येक फेरीनंतर सेट बंद करून, झाकण लावलेलं असताना गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. बॅटरीच्या पट्ट्या हिरवट झाल्या तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा. रबरी सीलला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, ते फुगतं. जून-जुलैत होडी वर ओढलेली असते तेव्हा बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण नको आणि रिकामीही नको, आणि महिन्यातून एकदा बघा.

गट बदलल्यावर भर समुद्रात जायच्या आधी मुखाशी थांबून कंट्रोलला सोळावर हाक मारा, बावीसवर जा, आणि काय झालं ते इथेच लिहा. तरीही शांतताच असेल तर मॉडेलचा पूर्ण नंबर आणि पडद्याचा फोटो टाका, तो मेनू आपण मिळून शोधू.