वाफेवर खरोखर धावणारं रेल्वे इंजिनाचं पहिलं छोटं मॉडेल करताय?

पहिल्याच इंजिनाला गुंतागुंतीच्या व्हॉल्व्ह गिअरच्या (वाफ सिलिंडरमध्ये कधी सोडायची ते ठरवणाऱ्या दांड्यांच्या यंत्रणेच्या) नादी लागू नका. ऑसिलेटिंग, म्हणजे डुलणारा, सिलिंडर घ्या. तो डुलता डुलता स्वतःच वाफेची वाट उघडतो-मिटतो. एकमेकांपासून 32 मिलिमीटरवर असलेल्या रुळांवर, 1:19 प्रमाणात, माथेरानच्या दोन फुटी रुळांवरच्या गाडीचं रूपडंही देता येतं.

बॉयलर तांब्याचा, सांधे सिल्व्हर ब्रेझिंगचेच (चांदीमिश्रित धातू वितळवून जोडलेले). साधं कथील पाणी आटलं की वितळतं. आधी पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दुप्पट दाबावर तपासा, हवेने कधीच नाही. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय बर्नर पेटवायचा नाही, म्हणजे नाहीच!

सुरुवातीला चिमणीतून गरम पाण्याचे शिंतोडे उडतील. घाबरू नका; थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. तो तापला की चाकं आपसूक वेग धरतात, आणि आपल्या हातचं इंजिन धावताना बघून जो आनंद होतो, त्याला तोड नाही. स्टीम ऑइल (सिलिंडरला वंगण देणारं तेल) मात्र दर फेरीआधी भरा.