बायबल बदललं असेल, तर माझ्या विश्वासाचं काय?

‘बायबलात फेरफार झालेत’ हे ऐकून डळमळलेली माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकांनी बायबलावरचे व्हिडिओ भरपूर पाहिलेले असतात आणि बायबल मात्र कित्येक दिवस उघडलेलं नसतं. त्यांना दोष देत नाही. ठेच लागली तिथे पुन्हा पाय टाकायला माणूस बिचकतोच. अशाच एका तरुणाची हकिगत त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे लिहितो आहे.

तो संडे स्कूलमध्ये शिकवायचा. ‘देवाच्या वचनाचा कानामात्राही बदललेला नाही,’ असं मुलांना ठासून सांगायचा. मग एका रात्री मोबाईलवर त्याने ऐकलं, की नव्या कराराच्या हस्तलिखितांत लाखो पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतले मजकुराचे फरक, आहेत, मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट मागाहून जोडलेला आहे आणि बायबलात कोणती पुस्तकं ठेवायची हे ३२५ साली नायसियाच्या परिषदेत सम्राटाने ठरवलं. त्याने घरी विषय काढला. त्याचे वडील चर्चच्या मंडळीत जबाबदारीच्या जागेवर. ‘हा सैतानाचा मोह आहे, उपास कर,’ म्हणाले. त्याने उपास केला. शंका होती तिथेच राहिली, वर आपण पापी असल्याचं ओझं वाढलं.

‘सर, यातलं एक जरी खरं निघालं तरी सगळं संपलं ना?’ स्क्रीनशॉटनी भरलेला मोबाईल माझ्यापुढे सरकवत त्याने विचारलं.

मी धीर देण्याच्या फंदात पडलो नाही. ‘काही नाही हो, विश्वास ठेवा’ या वाक्याने जेवढी माणसं मंडळीपासून दूर गेली असतील, तेवढी नास्तिकांच्या पुस्तकांनी गेली नसतील असं माझं मत आहे. ‘यातलं काही खरं आहे, काही चूक आहे, काही अर्धवट आहे. एकेक घेऊ,’ एवढंच म्हणालो आणि टेबलावरचं अभ्यासाचं बायबल मार्कच्या सोळाव्या अध्यायाशी उघडलं.

आठव्या वचनानंतर तिथे चौकटी कंस आहे आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप: सर्वांत जुन्या प्रतींत ९ ते २० ही वचनं नाहीत. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या प्रतींत मार्क आठव्या वचनाशीच थांबतो. हा शोध इंटरनेटचा नव्हे. त्याच चौथ्या शतकात मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने हे नोंदवून ठेवलंय. तरुणाने ती टीप पुन्हा वाचली, बोटाने ओळ धरून.

‘म्हणजे हे छापलेलंच आहे?’

छापलेलंच आहे. कुणी लपवलेलं नाही, आपण तळटिपा वाचत नाही इतकंच. आता आठव्या वचनापर्यंत काय उरतं तेही पाहा, म्हटलं. दगड बाजूला लोटलेला, कबर रिकामी, आणि तो उठला आहे हा निरोप. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल तर लिहितो, की ख्रिस्त मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला, ही साक्ष आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली. ते पत्र इसवी सन ५५च्या सुमाराचं, म्हणजे घटनेपासून जेमतेम पंचवीस वर्षांवरचं. मार्कच्या शेवटच्या बारा वचनांवर पुनरुत्थान टांगलेलं नाही.

लाखो पाठभेदांचा आकडाही खोटा नाही. पण ग्रीक हस्तलिखितंच पाच हजारांहून जास्त आहेत, तेव्हा हाताने नक्कल करताना झालेली प्रत्येक चूक त्यात मोजली जाते: नावाचं वेगळं स्पेलिंग, ‘येशू ख्रिस्त’ऐवजी ‘ख्रिस्त येशू’, नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरून गळलेले शब्द. तुझ्या वर्गातल्या वीस मुलांनी एक स्तोत्र उतरवून घेतलं आणि मूळ कागद हरवला, तर वीस वह्या समोर ठेवून तू मूळ मजकूर लावू शकशील की नाही, असं मी विचारलं. सगळी मुलं एकाच जागी चुकत नाहीत, हे मुलांना शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. वह्या जितक्या जास्त तितक्या चुका जास्त, आणि चूक पकडणंही तितकंच सोपं. अर्थाला धक्का देणारे पाठभेद त्या मानाने थोडे आहेत आणि ते कोणते हे माहीत आहे. योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट त्यांतलीच.

नायसियाचं प्रकरण लवकर आटोपलं. ती परिषद भरली ती मुख्यतः ख्रिस्त हा देवाने निर्माण केलेला आहे या एरियसच्या शिकवणुकीमुळे, ख्रिस्ताच्या देवत्वाच्या वादावर. तिने केलेल्या वीस नियमांत पुस्तकांची यादीच नाही. नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते, आणि चार शुभवर्तमानं तर दुसऱ्या शतकातच मंडळ्यांत रूढ होती.

जुन्या कराराबद्दल त्याने विचारलं नव्हतं, तरी मी कुमरानच्या यशयाच्या गुंडाळीबद्दल सांगितलं. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेली ही गुंडाळी ख्रिस्तपूर्व काळातली, म्हणजे तोवर हाताशी असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. फरक आहेत, बरेचसे अक्षरलेखनाचे. पण आपण वाचतो तोच यशया, छासष्टही अध्यायांचा.

हे सगळं ऐकून त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि मला तिथेच थांबावंसं वाटेना. हस्तलिखितं एवढंच दाखवतात की लिहिलेलं आपल्यापर्यंत नीट पोहोचलं आहे. ते देवाचं वचन आहे हे कुठल्याही चर्मपत्राने सिद्ध होत नाही. उद्या नवा व्हिडिओ आला की हा पुन्हा स्क्रीनशॉट घेऊन येणार. शास्त्र पाया आहे याचा अर्थ प्रत्येक आक्षेपाचं उत्तर आपल्या खिशात आहे असा नव्हे. त्या शास्त्रातून जो भेटतो त्याच्यावर आपण भार टाकतो.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही मत्तयाचा अकरावा अध्याय वाचला. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवतो, की येणारा तो तूच, की दुसऱ्याची वाट पाहू? येशू त्याला उपास करायला सांगत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, असं यशयाच्याच शब्दांत उत्तर देतो आणि लोकांपुढे त्याच योहानाचं कौतुक करतो. मग लूकचा चोविसावा अध्याय. पुनरुत्थित प्रभू स्वतः बरोबर चालत असताना अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांना आधी आपली ओळख देत नाही, मोशे आणि संदेष्ट्यांपासून शास्त्र उलगडून सांगतो. शास्त्रावर भार टाकायला मला याहून मोठं कारण लागत नाही. तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘योहानाला कुणी ओरडलं नाही.’

घरी करायला दिलेलं साधं होतं. रात्री झोपताना त्या विषयावरचे व्हिडिओ बंद. मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्याने वाचायचं, दीडेक तास लागतो. वहीच्या एका बाजूला मजकूर काय म्हणतो, दुसऱ्या बाजूला लोक मजकुराबद्दल काय म्हणतात. प्रार्थना जमेना तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायचं. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे.

वडिलांनाही एकदा बोलावलं. ‘आमच्या वेळी असले प्रश्न नव्हते,’ ते म्हणाले. युसेबियसचं मी पुन्हा सांगितलं नाही. यहूदाच्या पत्रातलं बाविसावं वचन त्यांनाच वाचायला दिलं. संशयात असलेल्यांवर दया करा, असं तिथे आहे. ते वचन त्यांना पाठ होतं.

तो आता पुन्हा शिकवतो. कानामात्र्याचं वाक्य त्याने सोडलं. यहोशवाच्या पुस्तकातल्या लढायांवरचा त्याचा प्रश्न अजून बाकी आहे आणि त्यावर माझं उत्तर त्याला पुरेसं वाटलेलं नाही.

प्रत्येकाला मात्र ही वाट लागू पडत नाही. एकच शंका दिवसभर घोळत राहते, उत्तर मिळालं की तासाभरात पुन्हा विचारावंसं वाटतं, तीच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून परत परत केली जाते, झोप उडते, अशी लक्षणं असतील तर तो ध्यासविकाराचा (ओसीडीचा) प्रकार असू शकतो. अशा माणसाला आणखी पुरावे देत बसलो तर त्रास वाढतो. त्याला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो आणि त्याच्या पाळकांनाही सांगतो, की उपचार चालू असेपर्यंत या विषयावर वाद घालू नका.