मूड विचारू नकोस, बूट घाल

प्रिय बाय,

"सर, पळून माझ्या डोक्यातलं कसं जाणार?" तुझा मेसेज वाचला. आधी वैताग आला, मग जीव तुटला.

डॉक्टरांनी तुझ्या नैराश्यावर व्यायाम सांगितला तो गोळ्या सोडण्यासाठी नव्हे. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, बांबोळीच्या इस्पितळाची तारीख चुकवायची नाही. व्यायाम त्याच उपचाराचा भाग आहे, गोळीसारखाच वेळेवर घ्यायचा. तू म्हणतेस, मूड आला की जाईन. अगो, मूड येत नाही हाच तर तुझा आजार! त्याची वाट कसली बघतेस? आधी पाय, मग मन.

हा माझा एकट्याचा हेका नाही. आपल्याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना असंच, मूडची वाट न बघता, काहीतरी करायला लावलं. तो अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ती माणसं प्रौढ होती, नुसता व्यायामही नव्हता, मान्य. सूत्र तेच.

जागतिक आरोग्य संघटना तुमच्या शाळकरी वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागणारी हालचाल सांगते. घाबरू नकोस, तू दहापासून सुरू कर. फर्मागुडीचा चढ झपझप चढ. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागू दे. पाऊस असेल तर घरात फुगडी घाल. हसतेस काय? चवथीला गणपतीपुढे फुगडी घालून घामेघूम झालीस, केस कपाळाला चिकटले होते, आणि नंतर भात दोनदा वाढून घेतलास. तेव्हा मूड कुणी विचारला होता?

दहावीच्या वर्गाचा पीटीचा तास मागायला गणितवाले यायचे. मी दिला नाही. पालकांनी तक्रारी केल्या, तरी दिला नाही, आणि आजही देणार नाही. वर्गात मान खाली घालून बसणारी पोरं मैदानात भांडायला लागलेली मी पाहिलीत! माझ्या धाकट्या भावाला त्या वयात सगळे आळशी म्हणाले. ना कुणी डॉक्टरकडे नेलं, ना कुणी हाताला धरून बाहेर काढलं. त्याची अख्खी उमेदीची वर्षं खाटेवर गेली. म्हणून मी असा तुटून बोलतो.

जीव नकोसा झाला तर मात्र चढबिढ काही नाही, सरळ १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही उचलतात. किंवा मला उठव.

उद्या सहाला फाटकाशी येतोय. तुझे बूट फाटलेत हे आईने आधीच सांगितलंय. तिचे घालून ये.

तुझे सर