गल्ला: मोडकी इंग्रजी की वेगळी भाषा?

प्रश्न: गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात आमच्या शरणपुरात आश्रय मिळाला होता. त्या कुतूहलातून अमेरिकेतील गल्ला भाषेविषयी वाचले. तिचे बहुतेक शब्द इंग्रजी असतील, तर तिची मुळे आफ्रिकी कशी?
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर: शरणपूरची मुले पूर्व आफ्रिकेतली होती, गल्ला बोलणाऱ्यांचे पूर्वज मात्र प्रामुख्याने पश्चिम आणि पश्चिम-मध्य आफ्रिकेतून दक्षिण कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, मुख्यतः भातशेतीसाठी, गुलाम म्हणून नेले गेले. हिवतापाच्या भीतीने मळेवाले उन्हाळ्यात तिथून दूर राहत आणि बेटांवर बहुसंख्या आफ्रिकी लोकांचीच होती, त्यामुळे मेंदे, वोलोफ, किकाँगो, इग्बो अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांनी इंग्रजी शब्द घेतले, तरी ते जोडले आपल्या रीतीने.

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच जोडणीत आहे. पहाटेला गल्लात ‘डे क्लीन’, म्हणजे ‘दिवस स्वच्छ’, म्हणतात. दोन्ही शब्द इंग्रजी, पण कल्पना पश्चिम आफ्रिकी भाषांतली. तो, ती आणि ते या तिघांसाठी एकच सर्वनाम चालते, आणि भूतकाळ दाखवायला क्रियापदाचे रूप न बदलता त्याआधी ‘बिन’ ठेवतात. हे नियम ठरलेले आहेत, म्हणून ‘मोडकी’ हे विशेषण मला अन्यायाचे वाटते. थेट आफ्रिकी शब्दही आहेतच: ‘न्याम’ म्हणजे खाणे, ‘बेने’ म्हणजे तीळ, आणि किकाँगोतील ‘न्गुबा’वरून आलेला ‘गूबर’ म्हणजे भुईमुगाची शेंग.

हे पुराव्यानिशी मांडले ते लॉरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञांनी, १९४९ च्या ग्रंथात. आपल्याकडे पाळण्यातले नाव असते, तसे गल्ला लोकांत घरगुती ‘टोपलीतले नाव’ असते. बाहेरच्यांना केवळ इंग्रजी नावे सांगितली जात. टर्नर यांनी विश्वास मिळवून आफ्रिकी उगमाची हजारो नावे नोंदवली.

त्यांनी १९३० च्या दशकात जॉर्जियातील अमेलिया डॉली यांच्याकडून एक गाणे ध्वनिमुद्रित केले होते. अर्थ हरवला होता, शब्द मात्र मेंदे भाषेतले होते. पुढे संशोधकांना सिएरा लिओनमधील सेनेहुन न्गोला गावात बेंडू जबाती भेटल्या. त्यांना आजीने तेच गाणे शिकवले होते आणि ते मृतांना निरोप देताना गायले जाई. १९९७ मध्ये अमेलियाबाईंची कन्या मेरी मोरन त्या गावी जाऊन त्यांना भेटल्या.